ढगातून गळणारं पाणी कोण मोजतं?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कोस्टा रिकातल्या माझ्या तीन महिन्यांबद्दल मी बोलावं, असं कार्यकारिणीने ठरवलं, तेव्हा आपल्यातल्याच एकीने मला सरळ विचारलं, "ताई, तुम्ही एवढ्या लांब जाऊन झाडं बघून आलात. त्यातून आपल्या बायकांना काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रवासवर्णन थोडं कमी करते आणि या प्रश्नाला धरून बोलते.

आधी थोडी माहिती. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर भाचीने तिकीट काढून दिलं, म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरपासून २०१९ च्या जानेवारीअखेरपर्यंत मी मोन्तेवेर्दे या गावी स्वयंसेविका म्हणून राहिले. कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. मधोमध डोंगरांची रांग. त्या रांगेतल्या तिलारान डोंगरात, साधारण दीड हजार मीटर उंचीवर मोन्तेवेर्दे आहे. नावाचा अर्थच 'हिरवा डोंगर'.

तिथल्या जंगलाला ढगांचं जंगल म्हणतात. हे नाव कवीने दिलेलं नाही, भूगोलाने दिलेलं आहे. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे बाष्प घेऊन येतात, डोंगराला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर त्यांचा ढग होतो. तो ढग आकाशात राहत नाही. झाडांमधून चालत जातो. सकाळी पायवाटेवर उभं राहिलं की दहा पावलांवरची बाई दिसेनाशी व्हायची. आपल्या आंबोली-महाबळेश्वरला पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर शेवाळ चढतं ना, ते तिथे बाराही महिने. खोड दिसतच नाही. खोडावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बाजूला अननसाच्या कुळातल्या वनस्पती, त्यांच्या पानांच्या पेल्यात पाणी, त्या पाण्यात डासांच्या अळ्या आणि कधी बेडकांची पिल्लं. मोन्तेवेर्देच्या परिसरात आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, शेकडो जाती सापडल्या आहेत. त्यातल्या काहींची फुलं मोहरीच्या दाण्याएवढी. माझ्या बरोबरची मुलं ती भिंग घेऊन बघायची.

माझं काम सोपं होतं. रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची, स्थानिक झाडांची रोपं लावायची, पायवाटेवर पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, घसरड्या जागी खडी टाकायची. आणि मी भूगोलाची म्हणून एक खास काम मिळालं. रोज सकाळी पर्जन्यमापक वाचायचा.

तिथे दोन पर्जन्यमापक शेजारी शेजारी होते. एक साधा, शाळेत असतो तसा, वर तोंड उघडं. दुसराही तसाच, पण त्याच्या तोंडावर बारीक जाळीची उभी नळी बसवलेली. पहिल्या आठवड्यात पाऊस थांबला आणि नुसता वारा आणि धुकं राहिलं. सकाळी पाहिलं तर साध्याचा फक्त तळ ओला, आणि जाळीवाल्यात चांगलं बोटभर पाणी. दोन्ही एकाच जागी, एकाच रात्री ठेवलेले. फरक इतकाच की साधा मापक वरून पडणारा थेंबच मोजतो. वाऱ्याबरोबर आडवं जाणारं धुकं त्याच्या तोंडावरून निघून जातं. जाळी त्या धुक्याला अडवते, बारीक कण एकमेकांना चिकटून थेंब होतात आणि खाली गळतात. झाडांची पानं, शेवाळ, नेचे हेच करत असतात. रात्रंदिवस ढग गाळत असतात. पाऊस कमी असलेल्या महिन्यांत ओढे वाहते राहतात त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. झाड तोडलं तर ढग येतो आणि तसाच निघून जातो. आणि नुसत्या साध्या मापकाच्या वहीवरून हिशेब मांडला, तर हे पाणी कुठेच दिसत नाही.

मैत्रिणींनो, ती वही हातात धरून मला पहिली आठवण झाली ती आपल्या जनगणनेची. बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि प्रगणकाच्या रकान्यात लिहिलं जातं 'काम करत नाही'. पाणी आहे, पण मोजायचं साधन असं बनवलेलं की ते पकडलंच जाऊ नये.

आता जंगल वाचलं कसं ते सांगते. या डोंगरात आधीपासून कोस्टा रिकाची शेतकरी कुटुंबं होती. १९५१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं तिथे आली. हे लोक युद्धविरोधी. सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवायला नकार दिला म्हणून त्यांच्यातले चार तरुण तुरुंगात गेले होते. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. त्यांनी जमीन घेतली, गाई पाळल्या, चीजचा कारखाना काढला. पण ओढ्याच्या उगमाकडचं, डोंगरमाथ्याचं जंगल तोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पाण्यासाठी. त्याच जंगलाला जोडून १९७२ मध्ये मोन्तेवेर्देचं राखीव जंगल उभं राहिलं.

या गोष्टीत नेहमी पुरुषांची नावं येतात. पण ओळखीच्या माणसांना विचारत गेलं की बायका सापडतात. शॅरन किन्समन नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या शाळेत या जंगलाबद्दल सांगितलं. एहा केर्न या तिथल्या शिक्षिका. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी १९८७ मध्ये जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. इतर देशांतली मुलंही सामील झाली. आज 'मुलांचं चिरंतन जंगल' बावीस हजार हेक्टरांहून मोठं आहे. कोस्टा रिकातलं ते सगळ्यात मोठं खाजगी राखीव जंगल समजलं जातं.

आणखी एक नाव तुम्हाला ओळखीचं वाटेल. नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. या बाईंनी दोर लावून झाडांच्या शेंड्यांवर चढून अभ्यास केला, कारण शेंड्यावर काय चालतं ते जमिनीवरून कळत नव्हतं. फांद्यांवरचं शेवाळ कुजून तिथे माती तयार होते, आणि काही झाडं फांदीलाच मुळं फोडून ती माती शोषून घेतात, हे त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. सगळे खाली बघत होते, म्हणून वरची मुळं कुणाला दिसली नव्हती. मोन्तेवेर्देत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. मुलींना झाडावर चढणारी शास्त्रज्ञ बाई माहीत व्हावी म्हणून त्यांनी बार्बी बाहुली बनवणाऱ्या कंपनीला तशी बाहुली काढायला सुचवलं. कंपनीने नकार दिला. मग त्यांनी जुन्या बाहुल्या गोळा करून, त्यांना चढायचे कपडे शिवून, स्वतःच 'शेंड्यावरची बार्बी' तयार केली. २०१९ मध्ये त्याच कंपनीने शास्त्रज्ञ बाहुल्या बाजारात आणल्या, तेव्हा सल्ला मागायला नाडकर्णीबाईंकडेच आले. बाहुलीबद्दल आपली मतं वेगवेगळी असतील. मला त्यातला चिवटपणा आवडला.

आता मी ज्या घरात राहिले त्या घराकडे येते. स्वयंसेवकांना गावातल्या घरांत ठेवतात. राहण्याजेवणाचे पैसे आपण द्यायचे. त्यातले काही घरधनिणीच्या हातात पडतात. मी त्यांना 'दोन्या' म्हणायची. आपल्याकडच्या 'बाई'सारखा तो मानाचा शब्द. तिथे लहान मुलांनाही, अगदी कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणण्याची पद्धत आहे, मला फार गंमत वाटायची. दोन्या साडेचारला उठायच्या. कापडी पिशवीतून कॉफी गाळायची, काळा घेवडा आणि भात एकत्र परतायचा, मक्याच्या भाकऱ्या भाजायच्या. संध्याकाळी गरम पाण्यात गूळ विरघळवून द्यायच्या. तो गूळ आपल्यासारखाच, साच्यात ओतलेला. माझे चिखलाचे कपडे रोज धुतलेले मिळायचे. धुक्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून त्या ते चुलीजवळ फिरवत बसायच्या.

एका रात्री मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, "दोन्या, उद्या मी भांडी घासते." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जंगलासाठी आलात. जंगलाचं काम करा." मी विचारलं, "आणि तुम्ही करता ते?" त्या म्हणाल्या, "ते घरचं."

हा शब्द मी कुठे ऐकला नाही सांगा! भोरला ऐकला, बीडला ऐकला, इथे ऐकला. मी दोन महिने पिशव्या भरल्या तर त्याला संवर्धन म्हणतात, शेवटी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र देतात. माझ्यासारख्या कितीतरी जणींना आणि जणांना वर्षानुवर्षं जेवू घालून ते संवर्धन शक्य करणाऱ्या बाईचं काम मात्र 'घरचं'.

पण कोस्टा रिकातल्या बायका इथेच थांबलेल्या नाहीत, म्हणून मी हे सांगते आहे. मोन्तेवेर्दे आणि सांता एलेना या गावांतल्या आठ बायकांनी १९८२ मध्ये हस्तकलेची सहकारी संस्था सुरू केली. भरतकाम, रंगकाम केलेल्या वस्तू येणाऱ्या पाहुण्यांना विकायच्या. पुढे सभासद शंभरावर गेल्या. आपल्याकडे बचत गटांत जे घडलं तेच तिथे घडलं. स्वतःचा पैसा हातात आला, बैठकीच्या निमित्ताने घराबाहेर पडता आलं, आणि मग बैठकीत इतर विषयही निघू लागले. अडचणही ओळखीची. पर्यटक आले तर विक्री. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटन बंद पडलं तेव्हा त्यावर जगणाऱ्या अशा गावांतल्या कमाईला एकदम टाळं लागलं.

कायद्याच्या पातळीवर तिथल्या चळवळीने काय मिळवलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९० च्या समानता कायद्याने ठरवलं की सरकारी योजनेतून दिलेलं घर लग्न झालेल्या जोडप्याच्या दोघांच्या नावावर नोंदवायचं, आणि लग्न न करता एकत्र राहत असतील तर बाईच्या नावावर. त्याच सुमाराला आपल्याकडे शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालू होती, हे जुन्या मैत्रिणींना आठवेल. आणि २०१५ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला. घरातल्या बिनमोबदला कामाची किंमत देशाच्या हिशेबात मांडायची, आणि हे काम मध्यवर्ती बँकेने करायचं. हिशेब झाला तेव्हा दिसलं की या कामाची किंमत देशाच्या एकूण उत्पादनाच्या सुमारे पाव हिस्सा भरते, आणि त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा बायकांचा. म्हणजे त्यांनी मापकावर जाळी बसवली.

मोजलं म्हणजे मिळालं असं मात्र नाही. जंगलाचंच उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात त्या देशात जंगल साधारण पाव भागापर्यंत उतरलं होतं. आज ते निम्म्याहून जास्त भागावर आहे. त्यामागे १९९६ चा वनकायदा हे एक कारण आहे. आपल्या जमिनीवरचं जंगल राखणाऱ्याला सरकार दरवर्षी पैसे देतं, त्यासाठी इंधनावरच्या कराचा पैसा वापरतात. योजना जगभर वाखाणली गेली. पण पैसे कुणाला? जमीन ज्याच्या नावावर त्याला. २०१४ च्या शेतीगणनेत वैयक्तिक शेतकऱ्यांमध्ये बायका सोळा टक्क्यांहून कमी होत्या. झऱ्याकाठची झाडं तोडू न देणारी, रोपांना पाणी घालणारी, वणवा दिसला की धावणारी बाई असली, तरी चेक नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. अलीकडे तिथे बायकांच्या मालकीच्या शेतांना प्राधान्य द्यायला सुरुवात झाली आहे, पण मुळात मालकीच नसेल तर प्राधान्य कशाला देणार? आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला कर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला नाव लावून घ्यायला किती चकरा माराव्या लागतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

एक दुःखाची गोष्टही सांगते, नाहीतर तिथे सगळं आलबेल आहे असं वाटेल. मोन्तेवेर्देच्या माथ्यावरच्या खुरट्या जंगलात एक सोनेरी भेक होता. नर झळझळीत नारिंगी. जगात तेवढ्याच डोंगरावर सापडायचा. १९८७ मध्ये मार्था क्रम्प या शास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या डबक्यांभोवती दीड हजारांहून अधिक मोजले. १९८८ मध्ये दहा दिसले. १९८९ मध्ये एक नर. त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये ती जात नष्ट झाल्याचं जाहीर झालं. त्या वर्षांतला कोरडेपणा आणि बेडकांना मारणारा बुरशीचा रोग, दोन्हींकडे बोट दाखवलं जातं. १९९९ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी नोंदींवरून दाखवलं की धुकं नसलेले कोरडे दिवस वाढत चालले आहेत. हवा तापली तर ढग जास्त उंचावर तयार होतो आणि झाडांच्या डोक्यावरून निघून जाईल, ही भीती आहे. माथ्यावरच्या जंगलाला आणखी वर सरकायला जागा नसते.

दोन्या मला म्हणायच्या, "आमच्या लहानपणी जानेवारीत ऊन दिसायचं नाही. आता कपडे वाळतात." वाळत घातलेल्या कपड्यांवरून हवामान सांगणारी बाई मी पहिल्यांदाच भेटले असं नाही. आपल्या वेल्ह्याच्या बायका झऱ्यावर हंडा भरायला किती वेळ लागतो त्यावरून सांगतात. कोणत्या वर्षी झरा मार्चमध्ये आटला, कोणत्या वर्षी मे उजाडला, सगळं तोंडपाठ. ही नोंदच आहे. ती कुणी वहीत घेत नाही, एवढंच.

शेवटी 'स्वयंसेविका' या शब्दाबद्दल. तिथे मी स्वयंसेविका होते. माझं पेन्शन चालू होतं, भाचीने तिकीट काढलं होतं, घरी माझ्यावर अवलंबून कुणी नव्हतं. म्हणून मला फुकट राबणं परवडलं, आणि लोकांनी कौतुकही केलं. आपल्या आशाताईंनाही सरकार २००५ पासून स्वयंसेविकाच म्हणतं. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. अंगणवाडीताईंना मानधन. माझ्यासाठी तो शब्द मान वाढवणारा, त्यांच्यासाठी वेतन नाकारणारा. २०२१ च्या जूनमध्ये करोनाच्या काळात राज्यातल्या आशांना संप करावा लागला, २०२४ च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावं लागलं. गरीब बाईच्या कामाला सेवा म्हटलं की समजावं, कुणीतरी पैसे वाचवतंय.

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाला उत्तर देते. काय मिळणार? मला वाटतं, आपल्यालाही आपल्या मापकावर जाळी बसवावी लागेल. भारत सरकारने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७ मिनिटं, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एक. हे आकडे सरकारचे आहेत, ते ग्रामसभेत, बँकेत, तहसील कचेरीत वापरा. आपले आकडेही तयार करा. प्रत्येक गटाने या तिमाहीत दोन कामं करावीत, अशी माझी सूचना आहे. पहिलं, प्रत्येक सभासदाने एका दिवसाची वही लिहावी. उठल्यापासून निजेपर्यंत, कोणतं काम, किती वेळ. लिहिता येत नसेल तिचं मुलीने किंवा शेजारणीने लिहावं. दुसरं, गावातल्या प्रत्येक झऱ्याची, विहिरीची नोंद करावी. कोण राखतं, कोण साफ करतं, कोणत्या महिन्यात आटतं, आणि ज्या जमिनीत तो झरा आहे ती कुणाच्या नावावर आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा बसू तेव्हा वह्या घेऊन या. पाणलोटाची पुढची योजना गावात येईल तेव्हा अधिकाऱ्यांपुढे आपली वही आधी ठेवू. आता प्रश्न विचारा.